आक्का लग्नापुरत्या उभ्या राहिल्या

आक्कांना कुणी हात धरून उठवलेलं खपायचं नाही. त्या उठायला लागल्या की आपला हात सवयीनं पुढे व्हायचा. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "हात नगं. जरा सरक, जागा दे मला." मग भिंतीला खांदा लावून, तळवे टेकून, एकेक गुडघा सांभाळत त्या सावकाश उभ्या राहायच्या. तोंडातून आवाज निघायचा नाही, फक्त खालचा ओठ दाताखाली जायचा. हात धरून ओढलं की मनगटापासून खांद्यापर्यंत कळ जाते, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. तोवर मी त्यांना तुसड्या समजत होते.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी नांदूरघाटची. लग्न होऊन धारूरला आले तेव्हा पुढे किराणा दुकान आणि मागे घर, असा आमचा संसार होता. दुकान थोरले भाऊजी बघायचे, माझे मालक माल आणायला फिरायचे. घरात सासूबाई, आक्का आणि आक्कांची एकुलती लेक संगी. संगीच्या वेळच्या बाळंतपणानंतर आक्कांचे सांधे धरले ते कायमचेच. मी आले तोवर त्यांची बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती आणि गुडघे अर्धेच वाकायचे. कुणी तब्येतीचं विचारलं तर म्हणायच्या, "हाय, चाललंय." त्यापुढं बोलणं जायचं नाही.

सकाळ त्यांना सगळ्यात जड जायची. रात्रभरात हात असे आखडायचे की मूठ मिटायची नाही आणि उघडायचीही नाही. "मी उठले, पन हात उठले न्हाईत अजून," म्हणायच्या. न्हाणीत पाणी तापलं की बादलीत दोन्ही हात बुडवून बसायच्या. बोटं जरा हलायला लागली की मग कुंकू, विभूती. वेणी तेवढी सासूबाई घालायच्या. पोलक्याचे हुक त्यांनी केव्हाच काढून टाकले होते. हुक लावायला चिमटीत बळ लागतं, म्हणून त्या जागी नाड्या शिवल्या होत्या. एक टोक दातात धरून दुसऱ्या हातानं त्या गाठ मारायच्या. मी एकदा म्हटलं, "आक्का, मी बांधते की." त्या म्हणाल्या, "आज तू बांधशील. उद्या तू म्हायेराला गेलीस की मी काय उघडी बसू?"

चुलीपुढे पाटावर बसणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी दुकानातला तेलाचा रिकामा डबा घेतला, त्यावर गोधडीची घडी बांधली आणि चुलीखाली विटा रचून चूल उंच करून घेतली. बसण्याआधी पीठ, मीठ, पाणी, काटवट सगळं हाताच्या टप्प्यात मांडायच्या, म्हणजे मध्ये उठायला नको. भाकरी बोटांनी थापता येत नव्हती, तळव्याच्या टाचेनं थापायच्या. एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ व्हायची. सासूबाई ताटातली भाकरी उलटीपालटी करून विचारायच्या, "ही भाकर हाय का गवरी?" आक्का शांतपणे म्हणायच्या, "चवीला भाकरच हाय, आत्याबाई."

पाणी भरणं, धुणं, सारवण मी उचललं होतं. स्वयंपाकही करते म्हटलं तर मात्र त्या ऐकायच्या नाहीत. "चूल सुटली की मला घरात इचारनार कोन?" हे त्या रागानं म्हणायच्या नाहीत. ज्वारीचा भाव सांगावा तसं सांगायच्या.

एक गोष्ट लिहावी की नाही, असा प्रश्न पडला होता. पण ती सोडली तर आक्का कळणार नाहीत. त्या वेळी आमच्या गल्लीत संडास नव्हते. बायका पहाटे किल्ल्याच्या बाजूला जायच्या. आक्कांना उकिडवं बसता येत नव्हतं. ह्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता, भाऊजींनीही नाही. शेवटी आक्कांनीच सुताराला बोलावलं आणि एक जुनी लाकडी खुर्ची पुढे केली. "हिच्या मदी भोक पाड. कशाला म्हून इचारू नगंस." परसात पत्र्याचा आडोसा झाला, खाली बादली आली. ती बादली त्या जमेल तोवर स्वतः काढायच्या. दुपारच्या उन्हातही त्या पाणी प्यायच्या नाहीत. मी तांब्या पुढे केला तर म्हणायच्या, "पानी पेलं की उठावं लागतंय." ओठ वाळून पांढरे पडलेले असायचे.

पुढं दिवस बदलले. दुकानात शांपूच्या, मसाल्याच्या पुड्या माळेसारख्या लटकायला लागल्या. रंगीत टीव्ही आला, गॅस आला. भाऊजींनी हौसेनं स्वयंपाकघर नवं बांधलं, काळ्या कडप्प्याचा ओटा घातला. गवंडी गेल्यावर आक्कांना बोलावून म्हणाले, "आता खाली बसायचं काम न्हाई तुला." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद होता. आक्कांनी ओट्यावरून हात फिरवला. "चांगला झालाय," म्हणाल्या.

त्यांना ओट्यापाशी उभं राहणं झेपत नव्हतं. डब्यावर बसलं तर ओटा डोक्याच्या वर जायचा. गॅसचा लायटर अंगठ्यानं दाबायचा, आणि त्यांच्या अंगठ्यातलं बळ तर केव्हाच गेलं होतं. चारच दिवस गेले आणि आक्का जुन्या कोपऱ्यात डाळ निवडत बसलेल्या दिसायला लागल्या. चूल मोडली होती. मग एके दिवशी त्या दुकानात गेल्या, गल्ल्यामागचं उंच स्टूल ओढत ओढत आत आणलं आणि ओट्याला लावलं. त्यावर अर्धं टेकून फोडणी देता येत होती. लायटर तेवढा मी दाबायची. दुसरं स्टूल येईपर्यंत भाऊजी दिवसभर गल्ल्यावर उभे राहिले.

दुखण्यावर सगळे उपाय झाले होते. लेप झाले, शेक झाले, नारायणगडाला नवस झाला. मग कुणीतरी बाजारात बसणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या पुडीबद्दल सांगितलं. भुरकट पूड, सकाळी दुधातून घ्यायची. आठवडाभरात आक्का मांडी घालायच्या बेताला आल्या. बोटं सरळ झाली नाहीत, पण कळ गेली. चेहरा गोल गरगरीत झाला. बायका म्हणायच्या, "तब्येत धरली गं." पण पुढे पाय सुजले, अंगावर निळे डाग उठायला लागले, तसं भाऊजींनी त्यांना अंबाजोगाईच्या डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत होते. डॉक्टरांनी पुडी हुंगली, आक्कांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यात कुटून घातलेलं औषध दुखणं झाकतं, बाई, बरं करत नाही. आतून हाडं पोकळ करतं. हळूहळू कमी करून बंद करा." त्यांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या. पुडी सुटली आणि दुखणं व्याजासकट परत आलं.

त्याच सुमाराला संगीसाठी स्थळं यायला लागली. पहिली मंडळी आली तेव्हा आक्का डब्यावर बसून होत्या. मुलाच्या मावशीनं त्यांचे हात बघितले, संगीचे हात बघितले. निरोप आला, "खाण तशी माती. आमाला जमनार न्हाई." संगी न्हाणीत जाऊन रडली. आक्का रडल्या नाहीत. केजचं दुसरं स्थळ बघायला येणार असा निरोप आला त्या संध्याकाळी भाऊजी जेवायला बसले, तेव्हा त्या म्हणाल्या,

"ती पुडी आना."

भाऊजींचा घास हातातच राहिला. "डॉक्टर काय म्हनला, आयकलं न्हाईस का?"

"आयकलं. हाडं माजी पोकळ हुतील. संगीची तर न्हाई?"

"आन पुढं?"

"लगीन हुंद्या. मग बंद करते."

मी म्हटलं, "आक्का, असं करू नका." त्या माझ्याकडे वळल्या. "मग दुसरं सांग काय करू." भाऊजी पुढच्या बाजाराला जाऊन पुडी घेऊन आले. सासूबाईंनी त्या दिवशी देवापुढं बराच वेळ हात जोडले.

केजची मंडळी आली तेव्हा आक्का इरकल नेसून दारात उभ्या होत्या. स्वतः ट्रे घेऊन आल्या. बशी चिमटीत धरता येत नव्हती, म्हणून दोन्ही तळव्यांत धरून पुढे केली, पदर मनगटापर्यंत ओढून. मुलाची आई म्हणाली, "बसा की ओ तुमीबी." आक्का म्हणाल्या, "मला बसवतच न्हाई बगा, कामाची सवय." स्थळ जमलं.

लग्न होईपर्यंतच्या त्या महिन्यांत आक्का घरभर फिरल्या. रुखवत केलं, कुरडया घातल्या, आहेराच्या साड्या निवडायला कापडाच्या दुकानाची पायरी चढल्या. एकदा मला त्या परसात उन्हात उभ्या राहून केस विंचरताना दिसल्या. हात डोक्याच्या वर गेलेले. मी पहिल्यांदाच बघत होते.

लग्नात त्या अक्षता पडेपर्यंत, पंगती उठेपर्यंत, पोरीला गाडीत बसवेपर्यंत उभ्या होत्या. मांडव रिकामा झाल्यावर मी त्यांना खुर्ची दिली. पाय इतके सुजले होते की जोडवी मांसात रुतली होती. तेलानं निघेनात, साबणानं निघेनात. शेवटी सोनाराला बोलावून कापावी लागली. तो कापत असताना त्या मला विचारत होत्या, "विहीणबाईंचं जेवन नीट झालं का?"

पुडी त्यांनी ठरल्याप्रमाणे कमी करत आणली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या पडल्या असं म्हणण्यासारखंही काही घडलं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पाय खाली ठेवला, इतकंच. मी मोरीत भांडी घासत होते, तिथपर्यंत हाड मोडल्याचा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, हाड इतकं ठिसूळ झालंय की सळई धरणार नाही. घरी नेऊन पायाला वजन बांधून झोपवा.

आक्का खाटेवर गेल्या. मोडलेला पाय ताणून बांधलेला आणि दुसरा हलवायची सोय नाही. हळूहळू दोन्ही गुडघे सरळच्या सरळ गच्च झाले. पाठीला जखमा झाल्या. मी कूस बदलायला गेले की त्या आधी सांगायच्या, "थांब, दम घेऊ दे," आणि डोळे मिटून घ्यायच्या. आता कुणाचा हात नको म्हणायची सोय राहिली नव्हती, आणि त्याचंच त्यांना दुखण्याहून जास्त लागलं होतं. पहिल्यांदा मी त्यांना पुसलं त्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून होत्या.

संगी आणि तिची सासू बघायला आल्या. विहीणबाई मोकळ्या स्वभावाच्या. खाटेशेजारी बसून त्यांनी आक्कांचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. "पैल्या दिवशीच मला कळलतं बगा. बशी धरलीत तवाच. माज्या थोरल्या बहिनीचे हात असेच हुते. मी घरात कुनाला बोलले न्हाई. आमी पोरगी बगायला आलतो, तुमाला न्हाई."

आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग तवाच सांगायचं हुतं की ओ."

विहीणबाईंना काहीच समजलं नाही. संगीला शंका आली. पुडी पुन्हा सुरू केल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. विहीणबाई चहाला बाहेर गेल्यावर तिनं आईला विचारलं, आणि आक्कांनी सगळं सांगून टाकलं. संगी खाटेच्या कडेवर डोकं आपटून घ्यायला लागली. "कावून खाल्लीस गं? माज्यापायी कावून खाल्लीस?"

"तुज्यापायी खाल्ली," आक्का म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "आन खोटं कशाला बोलू, माज्यापायीबी. ते म्हैने लई चांगले गेले मला. केस माजे मी बांधले."

त्या हिवाळ्यात त्या गेल्या. सकाळी मी पाणी तापवून नेलं, तर हात गार होते.

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. आक्कांना भिंतीला टेकवून बसवलं तर पाय समोर सरळ. गुडघे वाकेनात. विधी करणारे स्वामी आले, त्यांनी बघितलं, जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भावकीतले एक वडीलधारे म्हणाले, "कोमट पानी घाला आन दोघांनी जोर लावा. वाकतील." दोन माणसं पुढे सरली. एकानं गुडघ्यावर तळवा ठेवलासुद्धा.

भाऊजी तोवर दाराशी उभे होते. ते पुढे आले आणि त्या माणसाचा हात बाजूला केला.

"दाबू नका," म्हणाले. "दुखंल तिला."

"आता काय दुखायचंय, आप्पा?" तो माणूस हळूच भाऊजींना म्हणाला.

भाऊजी स्वामींकडे वळून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तशीच. शेतात निरोप धाडा, खड्डा पुढच्या अंगाला लांब घ्या म्हनावं." स्वामींनी होकाराची मान हलवली. माझे मालक सायकल घेऊन शेताकडे गेले.

आम्ही पोचलो तेव्हा खोदणं चालूच होतं. जमीन मुरमाड, पहार लागत नव्हती. सगळी माणसं उन्हात थांबून राहिली. खड्डा झाल्यावर भाऊजी स्वतः आत उतरले. त्यांनी आक्कांची पाठ मातीला टेकवली, दोन्ही पाय एकाशेजारी एक ठेवले, वर सरकलेली साडी घोट्यापर्यंत ओढली. वरून कुणीतरी त्यांना बाहेर काढायला हात दिला. ते आणखी थोडा वेळ खालीच बसून राहिले.