मांडीत धरलेलं हाड

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीत आमच्याकडे एमआरआयचं मशीन आलं आणि मी शेफारलो. त्याआधी मी एक्स-रे वाचून पोट भरत होतो. आता एक्स-रेकडे बघायलाही मला कमीपणा वाटायचा.

पलूसकडचा एक पैलवान आला, बावीस-तेवीसचा. सोबत तालमीचे वस्ताद. लढतीत मांडीला मार बसून सूज आली होती, सव्वा महिन्यात तिचा गोळा झालेला. पहिल्या आठवड्यातल्या एक्स-रेत काहीच नव्हतं. गोळा माराचा की कॅन्सरचा, ते मी सांगायचं होतं. त्याचा पाय राहणार की जाणार, ते त्यावर होतं.

"मालिश केली का?" मी विचारलं.

पैलवानानं वस्तादांकडे पाहिलं. त्यांच्यापुढं शिष्य तोंड उघडत नाही. आणि सुजेवर चोळू नका, असं गावच्या डॉक्टरनं बजावलं होतं.

"न्हाई सायेब," वस्तादच म्हणाले. "हातसुदिक लावला न्हाई."

मी ते तसंच लिहून घेतलं. मग मशीनच्या सगळ्या करामती वापरल्या. एका पद्धतीत चरबी पांढरी दिसते, दुसरीत पाणी, तिसरीत चरबी दाबून टाकली की सूज एकटी चमकते. तिन्ही फिल्मा शेजारी शेजारी लावल्या. पहिलीत गोळा स्नायूत मिसळलेला, दुसरीत ठळक, तिसरीत अख्खी मांडी पेटलेली. कॅन्सरचा दाट संशय, असं मी झोकात लिहिलं. पुढं तपासायला काढलेल्या तुकड्यातही पेशी वेड्यावाकड्या निघाल्या, आणि त्या तपासणीला माझा रिपोर्ट साक्षीला मिळाला. पाय खुब्यापासून काढला.

कापलेला पाय तपासल्यावर कळलं, कॅन्सर नव्हताच. मुका मार लागलेला स्नायू रोज रगडला की कधी कधी त्यात हाड धरतं. थांबलो असतो तर आपोआप निवळलं असतं. अशा गोळ्याभोवती हाडाची पातळ कड येते, ती माझ्या तिन्ही पद्धतींत नीट उमटत नाही. नवा साधा एक्स-रे काढला असता तर ती लख्ख दिसली असती. एक्स-रेची खोली शेजारचीच. काखेत कळसा नि गावाला वळसा.

महिन्याभरानं वस्ताद एकटेच आले.

"डॉक्टर, खोटं बोललो तवा. रोज सकाळ-संध्याकाळ मीच चोळत हुतो, लय जोर लावून. माझ्यामुळं झालं का ओ?"

मला केवढं हलकं वाटलं! एक्स-रेचं सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं.

"हो," मी म्हणालो. "तुमच्यामुळंच. पोराचा पाय तुम्ही खाल्लात."

त्यांनी मान हलवली, मला हात जोडले आणि गेले. मी त्यांना हाक मारली नाही.

पुढं पलूसजवळच्या कुंडलच्या एका पेशंटनं सांगितलं की वस्तादांनी तालीम सोडली, आता ते कुणाच्या अंगाला हात लावत नाहीत. "व्हय का?" म्हणालो, आणि त्याची फिल्म उजेडाला धरून वाचत राहिलो.