मामींचं बटण

स्वतःच्या डोळ्यांपेक्षा दिव्यावर जास्त विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या दिल्लीत एकच असेल, आणि तो नेमका माझ्या सासरच्या बाजूला निघाला. माझे मामेसासरे सरकारी प्रयोगशाळेत सर्किटं जुळवण्यात जन्म घालवून मयूर विहारच्या सोसायटीत निवृत्त झाले, म्हणजे फक्त पगारातून निवृत्त झाले. सोल्डरिंगचा धूर त्या घरात उदबत्तीच्या बरोबरीने दरवळायचा. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा इतर जावयांना मिळतो तसा पाहुणचार मिळेल अशी माझी समजूत होती. पान वाढलं जाईपर्यंत मला फ्लिप-फ्लॉप नावाच्या सर्किटचा पाठ वाढण्यात आला.

दाराची घंटा बोट काढताच गप्प होते, तिला काही आठवत नाही, इथून त्यांनी सुरुवात केली. फ्लिप-फ्लॉपला मात्र शेवटचं सांगितलेलं आठवतं. त्यात दोन गेट, म्हणजे 'हो' किंवा 'नाही' एवढंच बोलणारे दोन भाग असतात, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या. एक 'हो' म्हणालं की दुसरं 'नाही' म्हणतं, आणि दुसरं 'नाही' म्हणतंय म्हणून पहिलं 'हो'वर ठाम राहतं. बाहेरून कोणी बटण दाबेपर्यंत दोघं एकमेकांना सोडत नाहीत. "म्हणजे आपलाच संसार की," मामी आमटी वाढताना म्हणाल्या. मामांनी हे उदाहरण पुढे सगळ्यांना स्वतःचं म्हणून सांगितलं.

दाराशेजारी त्यांनी एक बोर्ड लावला होता. प्रत्येकाची दोन बटणं, दोन दिवे. बाहेर जाताना एक दाबायचं, लाल लागतो; परतल्यावर दुसरं दाबायचं, हिरवा लागतो. नियम कडक होता: ज्याचं बटण त्यानेच दाबायचं. दुसऱ्याने दाबणं म्हणजे सर्किटला खोटं सांगणं. मामा स्वतः खाली वर्तमानपत्र आणायला गेले तरी दाबून जात. मामी मात्र "येते हं" म्हणत चपला घालायच्या आणि बटण विसरायच्या. एकदा मामांनी मला चहासाठी थांबवून घेतलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून कितीतरी वेळ आलं घालायला सांगत बसले. आतून उत्तर येईना. मी भीतभीत म्हटलं, मामी नसाव्यात. त्यांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. "हिरवा आहे ना? मग आहे ती." तेवढ्यात मामी भाजीची पिशवी घेऊन बाहेरून आल्या आणि आज्ञाधारकपणे 'घरात'चं बटण दाबत्या झाल्या. काहीच बदललं नाही. आधीच हिरवा असला की पुन्हा दाबून फरक पडत नाही, हे मामांनी मला कौतुकाने समजावलं. चहा मामींनीच केला.

पुढे एका सकाळी मामींच्या छातीत दुखू लागलं. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली नेलं. अशा वेळी बटण कोण दाबणार? मामा हॉस्पिटलमधून एकटे परतले तेव्हा मामींचा दिवा हिरवाच होता.

तो तसाच राहिला. माझ्या बायकोने बरेचदा विनवलं, मामा, आता तरी बदला. ते नियमावर बोट ठेवत. खरी भीती त्यांना वीज जाण्याची होती, कारण वीज तुटली की फ्लिप-फ्लॉप सगळं विसरतो, आणि परत आली की कोणत्या बाजूला जागा होईल ते सांगता येत नाही. म्हणून बोर्डाला बॅटरी होती आणि तिच्यात मामा पूजेच्या नेमाने पाणी घालत. चहा मात्र कामवाली येईपर्यंत मिळत नसे.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी तिथे असताना वीज गेली ती येईचना. बॅटरी म्हातारी झाली होती. दिवे मंदावू लागले. मी गाडीतली बॅटरी काढून आणतो म्हणालो आणि किल्ली शोधू लागलो, तोवर बोर्ड विझला. मामा वर्तमानपत्राने वारा घेत त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. मला एरवी अशा गोष्टींचं हसू येतं. त्या दिवशी मी मनातल्या मनात हिरवा, हिरवा म्हणत होतो.

वीज आली. कूलर घरघरला. मामांचा दिवा हिरवा लागला, मामींचा लाल.

मी नवीन बॅटरीबद्दल काहीतरी पुटपुटलो. मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"विसरभोळी," ते म्हणाले. "आत्ता दाबलं बघा तिने."

मामा उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि आलं कुठे ठेवलेलं असतं ते शोधू लागले.