तीन ईसा न सात

सुक्या बोंबलांचा वास आला की नेरूळच्या बाजारातली ती दुपार आठवते. मी कॉलेजात गणित सोडायला निघाले होते. दहाऐवजी वीसवर आधारलेल्या मोजणीत सदुसष्ट ही संख्या ३७ अशी का लिहितात, तेच कळत नव्हतं. जासईहून येणाऱ्या मावशींकडचे उरलेले सगळे बोंबील आईने मागितले. मावशींनी वीस-वीसचे ढीग लावले. “तीन ईसा न सात,” त्या म्हणाल्या. तीन विसा आणि वर सात, म्हणजे सदुसष्टच; म्हणून तर ३७! “मावशी, परत मोजा ना!” “कमी हाय काय गो?” “नाही, मला शिकायचंय.” त्यांनी हसत सगळे पुन्हा मोजले. आज मी गणित शिकवते. माझ्या गुरूंबद्दल कोणी विचारलं, तर आधी त्या मावशींबद्दलच सांगते. नाव मात्र विचारायचं राहूनच गेलं.