ड्रमच्या काठाखाली चार बोटं

आधी चाचीचं सांगते. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या त्या माडीवर ती आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. नवरा कुवेतला, मुलगी कॉलेजात, गाव श्रीवर्धनकडं, खाडीला लागून. नात्याची म्हणाल तर ती माझी कुणीच नव्हती. पण रोह्यात माझा संसार टिकला तो तिच्यामुळं. काय झालं ते पुढं येईलच. तिचं नाव आधी घेऊन ठेवते, कारण सांगायचं राहून जाण्याची मला खोड आहे, आणि एक गोष्ट अशीच राहून गेली आहे.

मी जतकडची. सातवीनंतर शाळा सुटली. कुणी काढली असं नाही; टँकर शाळेच्याच वेळेला यायचा आणि घरात हंडा घेऊन पळणारी मीच होते. लग्नानंतर नवऱ्याला रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत एका ठेकेदाराकडं काम मिळालं आणि आम्ही इतक्या लांब आलो. एक खोली, तिच्या कोपऱ्यात मोरी, पुढं दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी गॅलरी, वर पत्रा. खाली घरमालकीण. तिला सगळे काकू म्हणायचे. नळाचं पाणी खालच्या टाकीत यायचं आणि मोटर लावली की वर चढायचं. पावसाळ्यात वीज गेली की मोटर बंद. बाहेर पाऊस कोसळतोय आणि घरात तांब्याभर पाणी उरलंय, असं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं निदान आत-बाहेर सारखंच कोरडं असायचं.

माहेरी पाण्याचे हाल म्हणून बाळंतपण इथंच झालं. मुलगी झाली. लंगोट, दुपटी, तेलकट पंचे. दिवसाला दोन-तीन बादल्या जास्त जायला लागल्या आणि टाकी दुपारच्या आत तळ दाखवायला लागली. काकू वाईट नव्हती. एक दिवस वर आली, मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या टाळूवर तेल घातलं आणि मगच म्हणाली, की गणपती झाले की दुसरी खोली बघा, एवढ्या टाकीत सगळ्यांचं भागत नाय.

नवरा शिफ्ट सुटली की खोल्या बघत हिंडला. निडी गावाकडं एक होती, पण तिथून सकाळच्या शिफ्टला वेळेवर पोचायची सोय नव्हती. बाकीच्यांनी लहान मूल म्हटल्यावर दारातूनच नाही म्हटलं. शेवटी आमचं असं ठरलं, की खोली मिळाली नाही तर मी मुलीला घेऊन जतला जायचं आणि त्यानं इथं कुणातरी कामगारासोबत राहायचं. मला रडूही येईना. गणपतीला किती दिवस उरले ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज मोजायची.

चाचीला यातलं काही सांगितलं नव्हतं, पण मधली भिंत पातळ होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला गॅलरीत बोलावलं आणि वर बोट दाखवलं. "तुझ्या डोक्यावर एवढा पत्रा हाय गो. त्याचा पानी कुठं जातो, बघितलास कधी?"

पाणी गटारात जात होतं. मी ते रोज बघायची आणि रोज हळहळायची, पण ते धरता येईल हे डोक्यात आलं नव्हतं. चाचीनं तिच्याकडचा प्लास्टिकचा जुना पाईप माझ्या नवऱ्याकडून उभा चिरून घेतला. त्याची पन्हाळ झाली. ती तारेनं पत्र्याच्या कडेला बांधली, जरा उतरती. खाली नवऱ्यानं भंगारवाल्याकडून आणलेला निळा ड्रम. तो कशाचा होता हे चाचीनं त्याला आधी चारदा विचारलं, वास घेतला, गरम पाण्यानं धुवायला लावला. बिस्किटाच्या कारखान्यातला, तेलाचा, अशी खात्री झाल्यावरच तो गॅलरीत ठेवू दिला. तोंडावर तिची जुनी सुती ओढणी बांधली. पाऊस लागला की आधी थोडा वेळ पन्हाळ बाजूला वळवून पत्रा धुऊन निघू द्यायचा, मग ड्रमवर घ्यायची. हे पाणी प्यायचं नाही. लंगोट, भांडी, फरशी यातच. लंगोट विसळलेलं पाणी संडासाला.

शेवटी तिनं सळई तापवून ड्रमच्या काठाखाली चार बोटांवर एक भोक पाडलं. त्यात रबरी नळीचा तुकडा घातला आणि नळीचं दुसरं टोक मोरीत सोडलं. "भरला की हितून जाईल. ह्याला हात नको लावू."

पावसाच्या पाण्यात साबणाला इतका फेस यायचा की मला हसू यायचं. आमच्या गावाकडं बोअरच्या पाण्यात साबण घासून घासून हात दुखायचे, फेस म्हणून नाही. आठवडाभर मी टाकीचं पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला घेतलं. काकूच्या ते लक्षात आलं असावं. जिन्यात भेटली तेव्हा बघून हसली, एवढंच.

मग तो दिवस आला. नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. सकाळपासून पाऊस असा की समोरची कुंपणाची भिंत दिसेना. ड्रम भरला आणि नळीतून पाणी मोरीत जायला लागलं. मी हंडा भरला, कळशी भरली, पातेली, मुलीची आंघोळीची परात, सगळं गॅलरीत मांडून भरून घेतलं. तरी नळी चालूच. स्वच्छ, काचेसारखं पाणी, मोरीतून गटारात. ज्यानं टँकरमागं पळून पाणी आणलंय त्यालाच कळेल मला काय होत होतं. अजून चार बोटं ड्रम रिकामा आहे, एवढंच मला दिसत होतं. मी एका फाटक्या लंगोटाची चिंधी काढली, नळी उपसली आणि भोकात चिंधी कोंबली.

तेवढ्यात मुलगी उठली. तिला पाजता पाजता माझा डोळा लागला.

जाग आली ती काकूच्या हाकांनी. ड्रम भरून वाहत होता. गॅलरीतून पाणी जायची वाट मी मांडलेल्या भांड्यांनीच बुजवली होती. ते सगळं पाणी भिंतीतून खाली काकूच्या स्वयंपाकघरात उतरलं होतं, नेमकं फळीवर, जिथं गणपतीसाठी आणलेला पोह्यांचा डबा उघडा होता.

काकू भिजलेले पोहे सुपात घेऊनच वर आली होती. म्हणाली, घाटावरच्या माणसांना पाणी दिसलं की शुद्ध राहत नाय, आता गणपतीपर्यंतही थांबायला नको. मी मुलीला घट्ट धरून उभी.

चाची बाहेर आली. तिनं ओढणी बाजूला केली, मनगटापर्यंत हात ड्रममध्ये घातला आणि चाचपला. तिला चिंधी लागली हे मला तिच्या तोंडावरून कळलं. तिनं हात बाहेर काढला तेव्हा मूठ बंद होती.

"चूक माजी हाय," ती काकूला म्हणाली. "भोक मी बारीक पाडला. ह्या पोरीला काय ठाव? उद्या मोठा करते नि नळी खाली तुज्या मोरीत सोडते. तुजी भांडीपण ह्यातच घास."

चाची बारा वर्षांपासूनची भाडेकरीण; तिच्यावर काकू ओरडणार कशी? शेवटी सूप खाली ठेवून म्हणाली, "माज्या पोह्यांना पाणी पाजलास, आता भांड्यांना पाज."

चाची हसली. मग काकूही. भिजलेले पोहे वाया कसे जाऊ द्यायचे म्हणून चाचीनं तिथंच कांदे कापायला घेतले, आणि त्या दुपारी तिन्ही घरांत कांदेपोहे झाले. माझी ताटली मी नवऱ्यासाठी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी भोक मोठं झालं, लांब नळी खाली गेली. काकू तिच्या मोरीत बसून पत्र्याच्या पाण्यात भांडी घासायला लागली. टाकी संध्याकाळपर्यंत पुरायला लागली. गणपती आले, गेले. मी कॅलेंडरकडं बघून रोज वाट बघत होते, पण काकूनं खोलीचा विषय काढला नाही. दसऱ्याला तिनं मुलीला सोनं दिलं आणि म्हणाली, "पुढच्या पावसाळ्याला पन्हाळ जरा रुंद कर." तेव्हा मला कळलं की आम्ही राहतोय.

ती चिंधी मला दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसली होती. धुऊन, पिळून, माझ्याच दोरीवर माझ्याच लंगोटांमध्ये वाळत घातलेली. चाची त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. मीही नाही. रोज वाटायचं, आज सांगू. काकूला सांगायचं धाडस झालं नाही, आणि चाचीला तर माहीतच होतं, तिला काय सांगायचं, असं म्हणत वर्षं गेली.

आता आम्ही पेणला असतो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. खिडकीच्या छज्ज्याखाली पन्हाळ आहे, खाली ड्रम आहे. पाऊस लागला की मी अजून दोन-तीनदा उठून भोकात बोट घालून बघते. मुलगी हसते मला.

चाची तिच्या मुलीच्या लग्नानंतर गावी गेली. फोनवर सांगत होती, खाडी जवळ असल्यानं उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारं होतं, गुडघे दुखतात, लांबून आणवत नाही. चाची, तुझ्या घराला केवढा पत्रा आहे ते मी फोटोत पाहिलंय. एका पावसाळ्याच्या तोंडावर मी येणार. पन्हाळ मी बांधणार, सळई मी तापवणार, भोक चांगलं मोठं पाडणार. आणि ड्रम भरेपर्यंत तुझ्या ओट्यावर बसून, त्या चिंधीचं माझ्या तोंडानं तुला सांगणार.