जाऊबाई आणि तीन मिलिमीटर

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आयुष्यात एकही वस्तू अख्खी विकत घेतलेली नाही. हे मी पंचवीस वर्षं एकाच बिल्डिंगमध्ये, त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहून सांगते आहे. त्यांच्या कुकरचं भांडं एका कंपनीचं, झाकण दुसऱ्या कंपनीचं आणि शिट्टी कुठली ते त्या कंपनीलाही ठाऊक नसावं. पण वरण आमच्यापेक्षा दोन शिट्ट्या आधी शिजायचं. कूलरचा सांगाडा पडेगावच्या एका भंगारवाल्याकडचा, मोटर त्यांच्या माहेरच्या म्हणजे पाचोडच्या पिठाच्या गिरणीतली आणि पाती जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातली. दुष्काळाच्या त्या वर्षांत नळाला आठ-आठ दिवस पाणी यायचं नाही, मग कूलरला कुठून घालणार? तो नुसता गरम वारा फेकायचा. घामानं निथळणाऱ्या पाहुण्यांना जाऊबाई अभिमानानं सांगायच्या, "हवा गरम हाय, पण पाती बघा. जराबी थरथर नाय."

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्या स्टोअर सांभाळत. नट, बोल्ट, बेअरिंग यांच्या हजारो डब्यांमध्ये दिवस काढून त्यांची अशी ठाम समजूत झाली होती, की जगात वाईट असं काही नसतं, फक्त चुकीच्या मापाचं असतं. पर्समध्ये रुमालाच्या घडीत गुंडाळलेली मोजपट्टी असायची. साधी नाही, केसाएवढा फरक दाखवणारी, जिला कारखान्यात व्हर्निअर म्हणतात. माझ्या साखरपुड्याला कासार म्हणाला, "वहिनीला दोन-सहाची बांगडी लागेल." जाऊबाईंनी भर मांडवात माझ्या हाताला व्हर्निअर लावलं आणि जाहीर केलं, "दोन-चार." बांगड्या अशा चपखल बसल्या की काढताना माझे डोळे पाण्यानं भरले. माहेरच्यांना वाटलं, पोरगी आत्ताच हळवी झाली.

अशा बाईच्या पोटी मुक्ता जन्मली. मापात न बसणारी. तेराव्या वर्षी तिनं फोनवर कुठेतरी स्टंटची स्कूटर पाहिली. स्कूटर म्हणजे पेट्रोलची नव्हे. एक फळी, दोन छोटी चाकं आणि उभं हँडल. एका पायानं रेटा द्यायचा, उडी मारायची, हवेत फळी गरकन फिरवायची आणि पुन्हा तिच्यावर उतरायचं. हे कुठे करायचं, हा प्रश्न दुष्काळानंच सोडवला होता. कॉलनीच्या बागेतला कारंज्याचा हौद कधीचा कोरडा ठणठणीत पडला होता. गोल, सिमेंटचा, कडेला छान उतार असलेला. सगळी कॉलनी टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी असायची आणि शेजारी हौदात मुक्ता कुणाची तरी मागून आणलेली स्कूटर उडवत असायची. गावात पाणी नसल्याचा आनंद झालेली तेवढी एकच व्यक्ती मी पाहिली आहे.

मागून आणलेली स्कूटर किती दिवस पुरणार? मुक्तानं आईकडे नव्या स्कूटरचा हट्ट धरला. "अख्खी?" जाऊबाईंनी विचारलं. चेहरा असा, की पोरीनं घरात हत्ती बांधायला मागितलाय. "अख्ख्या गाडीत त्यांना परवडंल ते घालत्यात. आपल्याला पायजे ते आपण घालू."

आणि मग दीड वर्ष ती स्कूटर जुळत राहिली. जाऊबाईंनी मुलीच्या फोनवरचे सगळे व्हिडिओ पाहिले. इंग्रजी कळत नव्हतं, आकडे कळत होते. मुक्ताला भिंतीला उभं करून तिची कंबर मोजली, कारण हँडल कंबरेच्या आसपास यायला हवं. वर्षभरात पोरगी वाढेल म्हणून दोन बोटं जास्त धरली. फळी आली, बेअरिंग आले. पुढचं चाक ज्या चिमट्यात बसतं तो फोर्क त्यांनी मुद्दाम रुंद घेतला. मला म्हणाल्या, "रुंद फोर्कात बारकं चाक मधी बुशची नळी घालून बसतंय. बारक्या फोर्कात रुंद चाक ब्रह्मदेव आला तरी बसायचं नाय." जाफर गेटला एका दुकानदारानं चाक पुढे केलं आणि म्हणाला, "ले लो बाजी, इत्तासा तो फरक है." जाऊबाईंनी चाक परत त्याच्या हातात ठेवलं. "फरक इत्तासाच ऱ्हातो, भाई. लई मोठा असता तर तुलाबी दिसला असता." तो माणूस पुढे त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडत नसे.

शेवटी हँडल राहिलं. ही हँडलं दोन जाडीची येतात, एक जाड आणि एक त्याहून तीनेक मिलिमीटरनं बारीक. आणि हँडलला फोर्कशी आवळून धरणारा क्लँप त्याच जाडीचा लागतो. जाऊबाईंनी जाडाचा क्लँप घेऊन ठेवला होता. पुण्याच्या एका मुलानं फोनवर सांगितलं, "काकू, माझ्याकडं जाड हँडल आहे, वापरलेलं, पण एकदम मस्त." मुक्ताची पुण्यातली पहिली स्पर्धा दिवाळीनंतर चारच दिवसांनी होती. घाई होती. जाऊबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा न मोजता वस्तू मागवली.

हँडल धनत्रयोदशीला आलं. बारीक निघालं. क्लँपमध्ये घातलं तर घंटेच्या लोलकासारखं हलायला लागलं.

उपाय अगदी सोपा होता. मध्ये भरायला तेवढ्या जाडीची एक नळी लेथवर कातून घ्यायची, अर्ध्या तासाचं काम. पण दिवाळीत सगळी एमआयडीसी बंद. ओळखीचा लेथवाला कुलूप लावून गावी गेलेला, तो दिवाळी सरून आठवडा झाल्याशिवाय परतणार नव्हता. मग घरातल्या प्रत्येकाच्या अंगात इंजिनियर संचारला. थोरले दीर म्हणाले, "पत्र्याची पट्टी गुंडाळ अन् ठोक." आमचे हे डबा कापून पट्टी घेऊनच खाली उतरले. मीसुद्धा म्हणाले, "ताई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"ठोकून बसवायचं नाय," जाऊबाई म्हणाल्या.

"आई, मी चालवणार आहे ना? मला चालतंय!"

"मला चालत नाय."

"चूक तू केलीस," मुक्ता म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "मोजलं नाहीस तू. आणि शिक्षा मला."

जाऊबाई उठल्या. पाना उचलला, क्लँप सोडवला, हँडल वेगळं काढून कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. स्पर्धेच्या दिवशी मुक्ता दिवसभर आमच्याकडे वर बसून होती. जेवली नाही. खालून फराळाचं ताट आलं, ते तसंच परत गेलं.

लेथवाला आला, नळी कातली गेली, स्कूटर उभी राहिली. इतकी नेटकी की हँडलला धरून उचललं तरी कुठे चुकून खट्ट वाजायचं नाही. मुक्तानं तिच्याकडे पाहिलंही नाही. महिनाभर ती स्कूटर दिवाणखान्यात पाहुण्यासारखी भिंतीला टेकून होती. जाऊबाई रोज तिच्यावरची धूळ पुसायच्या. एकदा मी एकटीच असताना म्हणाल्या, "पट्टीवर एक दिवस चाललं असतं, गं. बहुतेक." मी म्हटलं, "मग तसं मुक्ताला सांगा की." त्या म्हणाल्या, "बहुतेक म्हनलं मी. बहुतेकवर पोरगी उडवायची का?"

एका संध्याकाळी मात्र स्कूटर जागेवर नव्हती. आम्ही गॅलरीत गेलो. हौदात मुक्ता होती. उतारावरून वर आली, हवेत गेली, पायाखालची फळी फिरली, आणि ती तिच्यावर उतरली. बाकीची पोरं ओरडली. जाऊबाई कठड्याला घट्ट धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, "काय सुंदर उडी मारली!" त्या म्हणाल्या, "मागलं चाक कान देऊन ऐक. आवाज नाय." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "धूळ लई झाली हाय."

पुढे मुक्तानं दोन-तीन स्पर्धा केल्या. एकीत तिसरी आली. कॉलेजात गेल्यावर गुडघा दुखावला आणि उड्या थांबल्या. शहर शेंद्र्यापर्यंत पसरलं, कॉलनीभोवती सहा-सहा मजली इमारती उठल्या, आणि हौद बुजवून तिथं गाड्या लावायला जागा झाली. मुक्ता आता पुण्यात स्टंटच्या स्कूटरी विकणाऱ्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाला कुठला भाग कशाला बसेल ते ती झोपेतसुद्धा सांगू शकते, असं तिचा मालक म्हणतो.

जाऊबाई निवृत्त झाल्यात. मायलेकींना गोड बोलणं कधी जमलंच नाही; "जेवलीस का" असं विचारलं तरी दोघींना अवघडल्यासारखं होतं. गेल्या आठवड्यात मी खाली भाजी निवडत बसले होते, तेव्हा मुक्ताचा फोन आला. जाऊबाईंनी तो स्पीकरवर ठेवला.

"आई, जाड हँडलचं गिऱ्हाईक आलंय. क्लँप कुठला देऊ?"

जाऊबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि नीट, सावकाश सगळं सांगितलं. जाडी किती, बोल्ट किती, आधी कुठला आवळायचा. पलीकडून दर वाक्याला "हं" येत होतं. मागे दुकानाचा काही आवाज नव्हता. गिऱ्हाईक असल्याची काही खूण नव्हती. पाच मिनिटांनी फोन ठेवला गेला.

मी म्हटलं, "ताई, एवढं तर तिला पाठ असेल."

"व्हय. पाठ हाय तिला."

"मग?"

त्यांनी मेथीची जुडी परत उचलली. "परवा बेअरिंगचं विचारलं होतं," त्या म्हणाल्या, "आता चाकाचं ऱ्हायलंय. रविवारी विचारंल."