दांडी त्याची, बटणं माझी

पार्लर बंद झालं तेव्हा दादाने तिथलं आमचं लाडकं व्हिडिओ गेमचं मशीन हौसेने घरी आणलं होतं. तो गेल्यावर मी ते दुरुस्तीला काढलं. कारागिराने जॉयस्टिकची दांडी आणि बटणं यांच्याखालचा गंजका पत्रा उतरवला. दांडीपाशी रंग पार उडाला होता. तिथे दादाचा तळवा टेकायचा. बटणांपाशी माझा. एकाच नाण्यात आम्ही दोघं खेळायचो, दांडी त्याची, बटणं माझी. "उडी!" तो ओरडायचा, मी दाबायचे. झिजलेल्या जागेला आपण खराब म्हणतो, पण माणूस सगळ्यात जास्त तिथेच राहिलेलं असतं.

नवा गुळगुळीत पत्रा बसला. "ताई, खेळून बघा," कारागीर म्हणाला.

माझा हात आपसूक बटणांवर गेला. पडद्यावरचा माणूस जागच्या जागी उड्या मारत राहिला. पुढे काही जाईना.