मुलुंडच्या शेअर रिक्षातली सोबत

धाकट्या बहिणीच्या आजारपणात मी गावच्या सातेरीला कौल लावला होता. फूल उजवीकडून पडलं, म्हणजे ती बरी होईल असा देवीने होकार दिला. तरी आठवडा उलटायच्या आत मुंबईहून बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला, "ताई, डॉक्टरांनी आशा सोडलीय. मिळेल त्या गाडीने या." वेंगुर्ल्याहून निघाले ती देवीवर रुसूनच. वाटभर तिचं नाव घेतलं नाही.

मुंबई मला परकीच. मुलुंडला उतरले तेव्हा फोन बंद पडलेला आणि डोक्यात फक्त हॉस्पिटलचं नाव. स्टेशनबाहेर ते एका शेअर रिक्षावाल्याला सांगितलं. गोंगाटात त्याने काय ऐकलं कोण जाणे, "बसा मावशी, एकच सीट बाकी आहे," म्हणाला. आत दोघी होत्या. एक वाटेत उतरली. वस्ती विरळ होत गेली, आणि शेवटच्या स्टॉपवर तो म्हणाला, "उतरा." पुढे नुसती मिठागरं. हॉस्पिटल कुठे विचारलं, तर ते रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेला! रस्त्याकडेला बसले. बहीण तिकडे जाणार आणि मी इथेच, एवढंच सुचत होतं. "आई, अशी का गं छळतेस?" देवीला बहुतेक मोठ्यानेच बोलले.

माझ्याबरोबर उतरलेली बाई घराकडे निघाली होती, ती मागे फिरली. साठीची असेल, हातात भाजीची पिशवी. "कोण आहे तिथं तुमचं?"

"बहीण. शेवटचं..."

तिने पिशवी जवळच्या टपरीवर ठेवली, माझा दंड धरला. "चल, ऊठ. रडायचं नंतर." त्याच रिक्षाने तिने मला स्टेशनला आणलं, पूल ओलांडून पलीकडे नेलं. तिथे रिक्षाला ही रांग. ती थेट पुढे गेली. "हिचं माणूस जातंय, बसू द्या हिला!" लोक बाजूला झाले. आता ही परत जाईल असं वाटलं, तर शेजारी येऊन बसली. वाटेत एकदाच बोलली, "माझा मुलगा गेला तेव्हा मी पोचले नव्हते."

बहीण ओळखू येत नव्हती, इतकी वाळलेली. पण डोळे उघडले. "ताई, इलंस?"

"इलंय गो बाय."

तिने पाणी मागितलं. नर्सने मला तिचे ओठ ओले करू दिले. दुपार कलायच्या आत ती गेली. बाहेर आले, तर ती बाई अजून बाकावर बसलेली. तिच्या खांद्यावर डोकं टाकून मी हंबरडा फोडला. ती कधी निघून गेली, कळलंही नाही. नाव विचारायचं राहिलं.

ती देवी होती असं मला म्हणायचं नाही. ती मुलुंडची, पोटचा मुलगा गमावलेली बाई होती. तिला मागे कुणी फिरवलं, ते ठाऊक नाही. बहीण गेल्याचं दुःख तसंच आहे, पण रुसवा उरला नाही. आता दिवा लावल्यावर अमुकच दे म्हणून हट्ट धरवत नाही. हात जोडते, त्या बाईला सुखी ठेव म्हणते आणि गप्प बसते.